उमेदवार : पेशवे दफ्तरापासून चाकणच्या डेटाबेसपर्यंत

१/ आजचा दीर्घ धागा एका शब्दाभोवती गुंफलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘उमेदवार’. निवडणुकीमुळे तो आपल्या कानांवर सतत पडतो. पण त्याचा जुना अर्थ निराळा आहे आणि तो समजून घेतला, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कारकून, पिंपरीच्या कारखान्यातील शिकाऊ कामगार आणि आज चाकणच्या एखाद्या उद्योगाचा डेटाबेस सांभाळत प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणारा तरुण या तिघांना एका सूत्रात पाहता येते.

२/ निमित्त घरातलेच आहे. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. निगडीत आम्ही चौघे भाड्याने राहतो. त्यांपैकी एक मित्र चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगात डेटाबेस प्रशासक आहे. गेले काही महिने दर रविवारी सकाळी त्याचे तीन-चार समव्यावसायिक आमच्या बैठकीच्या खोलीत जमतात, फळ्यावर आकृत्या काढतात, वाद घालतात. त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी मोडीचा सराव करीत बसलेला असतो. दोन्ही कोपऱ्यांत एकच गोष्ट चालली आहे, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ लागला.

३/ प्रथम शब्द. ‘उमेद’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही नोकरीत घेतले जाईल या आशेने सेवा करणारा, हाच अर्थ मुख्य आहे. वेतन नाही किंवा नाममात्र. पण दफ्तरात बसायला जागा आहे, कागद डोळ्यांखालून जातो आहे, वरिष्ठांचा हात कसा चालतो ते दिसते आहे. या काळालाच ‘उमेदवारी’ म्हणत. ‘उमेदवारीचे दिवस’ हा शब्दप्रयोग आपण अजूनही वापरतो, तो तिथला.

४/ आता दफ्तर. पेशवाईच्या हुजूर दफ्तराचे दोन प्रमुख भाग होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात रोजचे व्यवहार, हुकूम व हिशेब यांची नोंद फडणिसांच्या देखरेखीखाली होई. एकबेरीज दफ्तर पुण्यात असे. निरनिराळ्या खात्यांचे आणि प्रांतांचे हिशेब तेथे येऊन जमत, त्यांचे गोषवारे तयार होत. राज्याचा पैसा कोठून आला आणि कोठे गेला, याचे उत्तर देण्याची जबाबदारी या दफ्तराची.

५/ या कामाची यंत्रणा पाहण्यासारखी आहे. ‘रोजकीर्द’ म्हणजे दिवसाच्या क्रमाने लिहिलेली नोंद : आज अमुक तिथीस अमुक रक्कम आली, अमुक गेली. घडले त्याच क्रमाने लिहायचे, मागे जाऊन खोडाखोड करायची नाही. ‘खतावणी’ म्हणजे त्याच नोंदी खात्यावार लावणे : एका नावाखाली किंवा एका बाबीखाली वर्षभराचे सारे व्यवहार एकत्र. रोजकीर्द ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर देते. खतावणी ‘कोणाचे किती’ याचे. खतावणी हरवली, तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला चाकणमध्ये भेटणार आहे.

६/ कागद रुमालात बांधले जात. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. १८१७ मध्ये पुणे कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर हे दफ्तरही त्यांच्याकडे गेले. नव्या सत्तेला त्याचे महत्त्व चटकन कळले, कारण कोणती जमीन इनाम आणि कोणती सरकारी, याचा पुरावा याच गाठोड्यांत होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा असंख्य घराण्यांचे व देवस्थानांचे भवितव्य कोणता कागद सापडतो यावर अवलंबून राहिले.

७/ आपल्या परिसराशी याचा थेट संबंध आहे. मोरया गोसावींची परंपरा सांगणारे चिंचवडचे देव घराणे हे मोठ्या इनामांचे धनी. त्यांना वेगवेगळ्या राजवटींकडून सनदा मिळाल्या आणि त्या प्रत्येक सत्तांतरात नव्याने सिद्ध कराव्या लागल्या. या घराण्याचा व राज्यसत्तेचा संबंध उलगडणारा लॉरेन्स प्रेस्टन यांचा इंग्रजी ग्रंथ १९८९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. आज पवनेच्या काठावरील समाधीमंदिरात जाणाऱ्यांना क्वचितच जाणवते की, या गावाचा इतिहास कागद नीट ठेवणाऱ्या हातांनी शाबूत ठेवला.

८/ हे हात तयार कसे होत? परीक्षा नव्हती. होती ती उमेदवारी, आणि सोबतीला ‘मेस्तके’. मेस्तक म्हणजे कारकुनाची मार्गदर्शिका. पत्राचा मायना कोणाला कसा लिहावा, कोणत्या प्रकारचा कागद कसा तयार करावा, कारकुनाच्या अंगी कोणते गुण असावेत, हे त्यात सांगितलेले असे. परंपरा या प्रकाराचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याला देते. उपलब्ध प्रती मात्र नंतरच्या काळातील आहेत. मेस्तके छापली जात नसत. एकाची प्रत दुसरा उतरवून घेई, उतरवताना आपल्या अनुभवाची भर घाली. आजच्या भाषेत या ‘नोट्स’च होत्या.

९/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक कडू प्रश्न विचारला पाहिजे : प्रत उतरवून कोणाला मिळे? उमेदवारीला कोण बसू शके? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. लेखणीचे हे जग प्रामुख्याने ब्राह्मण व प्रभू घराण्यांचे होते. गावपातळीवर कुलकर्णी हे वतन होते, म्हणजे हिशेब लिहिण्याचा हक्क वारशाने जाई. ज्याची जमीन त्या वहीत लिहिली जाई, त्या कुणब्याला ती वही वाचता येत नसे. महात्मा फुल्यांच्या लेखनात या अवस्थेवरील संताप पानोपानी आहे.

१०/ म्हणजे उमेदवारीत दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. शिकण्याची रीत उत्तम होती : काम करीत, जाणत्याशेजारी बसून, चुका जागच्या जागी दुरुस्त करून घेत. पण त्या जागी पोहोचण्याची वाट अरुंद होती. ओळख, नाते आणि जात यांच्या दारातूनच आत जावे लागे. शिक्षण चांगले आणि प्रवेश अन्याय्य, अशी ही विसंगती. पुढची दीडशे वर्षे आपल्या समाजात जे घडले, ते या विसंगतीशी झगडत घडले.

११/ या झगड्यातले पहिले मोठे हत्यार म्हणजे लेखी परीक्षा. १८५५ मध्ये लंडनला भारतीय सनदी सेवेसाठी पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पुढे मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होणाऱ्याला प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होण्याची वाट दिसू लागली. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात ही वतने १९५० च्या कायद्याने संपली.

१२/ परीक्षेचे तत्त्व साधे आहे. तपासणारा तुम्हाला ओळखत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला संधी आहे. ‘हा कोणाचा कोण?’ या प्रश्नाऐवजी ‘याला काय येते?’ हा प्रश्न. पण परीक्षेबरोबर तिची सावलीही आली. लंडनमध्ये सनदी परीक्षेसाठी घोकून घेणारे खासगी शिक्षक उदंड झाले. आपल्याकडे ‘घोकंपट्टी’ हा शब्द शिक्षणावरील टीकेचा कायमचा भाग झाला. काम न येताही उत्तर येऊ शकते, हे लोकांनी फार लवकर ओळखले.

१३/ आता पवनेकाठी परत येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी क्षेत्रातील देशातली पहिली औषधनिर्मिती कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली ‘एमआयडीसी’, अस्तित्वात आली. १९६६ पासून सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचा पुणे प्रकल्प उभा राहू लागला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे १९७० मध्ये एका नगरपरिषदेत आली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. एका पिढीच्या आत शेतशिवाराचे यंत्रनगर झाले.

१४/ या नगरात येणारा माणूस कोण होता? साताऱ्याचा, सोलापूरचा, मराठवाड्याचा, खानदेशचा, आणि पुढे केरळ, बिहार, उत्तर प्रदेशचाही. त्याला येथे कोणी ओळखत नव्हते. भरती करणाऱ्यालाही याच्या गावचा पाटील किंवा याचा काका ठाऊक नव्हता. अनोळखी माणसांच्या शहरात विश्वास कागदावर ठेवावा लागतो. आयटीआयचे प्रमाणपत्र हा तो कागद होता. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून देशभर आयटीआय उभ्या राहिल्या. टर्नर, फिटर, मशिनिस्ट अशा व्यवसायांच्या अखिल भारतीय परीक्षा होऊ लागल्या.

१५/ आणि येथे आपला शब्द पुन्हा भेटतो. १९६१ मध्ये संसदेने ‘अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट’ केला. मराठी शासनव्यवहारात अप्रेंटिसला प्रतिशब्द रूढ झाला ‘शिकाऊ उमेदवार’. दफ्तरातला उमेदवार लेथवर येऊन उभा राहिला. पण आता त्याच्या शिकण्याला कायद्याचा आधार होता : ठरावीक मुदत, विद्यावेतन, शेवटी परीक्षा. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखीव झाल्या. जुनी उमेदवारी आणि नवी परीक्षा यांची सांधेजोड करण्याचा हा प्रयत्न होता. शिकायचे जाणत्याशेजारी उभे राहून, पण दार सर्वांना खुले. माझ्या मते आधुनिक भारतातील शिक्षणाच्या प्रयोगांमध्ये या कायद्याला मिळायला हवे तितके श्रेय मिळालेले नाही.

१६/ कारखान्यात ज्ञान वाटून घेण्याची आणखी एक रीत आली, ती जपानहून. १९६२ मध्ये काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने जपानमध्ये ‘क्वालिटी सर्कल’ सुरू झाली : एकाच विभागातले मोजके कामगार एकत्र बसतात, आपल्याच कामातली एक अडचण निवडतात, तिचे कारण शोधतात, उपाय करून पाहतात. भारतात ही पद्धत १९८० मध्ये हैदराबादच्या ‘भेल’मध्ये सुरू झाली आणि पुढे पुणे-पिंपरीच्या उद्योगपट्ट्यातही रुजली. तिचे वेगळेपण असे की शिकवणारा कोणी वरून येत नाही. शेजारच्या यंत्रावरचा सहकारीच शिकवतो.

१७/ आता दफ्तराचे यंत्र झाले ती गोष्ट. जून १९७० मध्ये आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माहिती यंत्राच्या पोटात कशी मांडली आहे, हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसावी. माहिती कोष्टकांत ठेवावी आणि कोष्टकांतील संबंधांवरून हवे ते विचारता यावे. १९७४ मध्ये आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची भाषा मांडली, तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. १९७९ मध्ये ओरॅकलचा डेटाबेस बाजारात आला. १९८६ मध्ये एसक्यूएल अमेरिकेत प्रमाणित भाषा ठरली.

१८/ कॉड यांच्या कल्पनेतली लोकशाही ध्यानात घ्या. जुन्या दफ्तरात अमुक कागद कोणत्या रुमालात आहे, हे जाणणारा कारकून हीच खरी सत्ता होती. तो आजारी पडला की दफ्तर मुके. कॉड यांनी ही सत्ता कारकुनाकडून काढून पद्धतीकडे दिली. अर्थात, पद्धत सांभाळायला माणूस लागतोच. त्याला आज डेटाबेस प्रशासक म्हणतात. तो रात्री बॅकअप घेतो, कोणाला काय दिसावे हे ठरवतो, मंदावलेल्या प्रश्नांना वेग देतो, आणि यंत्र कोसळले तर माहिती परत उभी करतो.

१९/ येथे रोजकीर्द आठवा. प्रत्येक मोठ्या डेटाबेसमध्ये ‘लॉग’ असतो : घडलेला प्रत्येक बदल घडल्या क्रमाने आधी त्यात लिहिला जातो. मुख्य फाइल बिघडली, तर जुना बॅकअप घ्यायचा आणि त्यावर लॉगमधील नोंदी क्रमाने पुन्हा चढवायच्या. रोजकीर्दीवरून खतावणी उभी करण्यासारखेच. आणि ‘इंडेक्स’ म्हणजे शोध सोपा व्हावा म्हणून वेगळी लावून ठेवलेली यादी. साम्य येथपर्यंतच खरे. पेशवे दफ्तर राजसत्तेचे होते आणि त्याची गती बैलगाडीची होती. चाकणच्या कारखान्यात सुटा भाग जुळणीच्या पट्ट्यावर वेळेवर पोहोचला नाही, तर काम थांबते. कोणता भाग, किती नग, कोणत्या गाडीत, हे सांगणारा डेटाबेस बंद पडला, तर माल दारात उभा असूनही पुढे जात नाही.

२०/ चाकणचे नाव इतिहासप्रेमींना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी येथला भुईकोट जवळपास दोन महिने लढवला. तेच चाकण आज वाहन उद्योगाचे ठाणे आहे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये येथे सुरू झाला. कारखान्यांच्या मागोमाग संगणकाचे काम आले, हिंजवडी-तळवडे येथे माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहती उभ्या राहिल्या. आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला : अनोळखी माणसाला काम येते, हे कशावरून ओळखायचे?

२१/ उत्तर पुन्हा परीक्षा. सरकारी बाजूने १९९० मध्ये ‘डोएक’च्या ओ, ए, बी, सी या पातळ्या आल्या : महाविद्यालयाबाहेर शिकलेल्यालाही संगणकाची मान्यताप्राप्त परीक्षा देता यावी, हा त्यामागचा हेतू. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि तिच्या अभ्यासक्रमांनी संगणक-व्यवसायाला मनुष्यबळ दिले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी सुरू केली. ती तर खेड्यापाड्यांत पोहोचली. दुसरीकडे १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल अशा कंपन्यांनी आपापल्या उत्पादनांची प्रमाणपत्रे सुरू केली. ही परीक्षा देणारा निगडीत बसलेला असो की नैरोबीत, प्रश्नांची कसोटी एकच.

२२/ माझा मित्र लातूर जिल्ह्यातला. वडील शेतकरी, घराण्यात कोणी संगणकाला हात लावलेला नाही. या उद्योगात त्याची शिफारस करणारा काका नाही. परीक्षेचे शुल्क हजारोंच्या घरात, म्हणजे त्याच्या पगाराचा मोठा घास. उत्पादनाची आवृत्ती बदलली की प्रमाणपत्र जुने होते. तरीही तो ते मागतो, कारण त्याच्यासाठी हा कागद म्हणजे ‘हा कोणाचा कोण?’ या प्रश्नातून सुटका आहे. तंत्रज्ञानातल्या प्रमाणपत्रांना हसणाऱ्यांनी हे एकदा पाहावे. ज्यांची ओळख आधीच झालेली असते, त्यांना कागद निरुपयोगी वाटणे सोपे असते.

२३/ पण सावलीही तीच आहे. एका रविवारी त्यांच्यापैकी एकाकडे परीक्षेतल्या ‘खऱ्या’ प्रश्नांची फाइल आली. अशा फाइलींचा चोरटा बाजार जगभर आहे. परीक्षेपूर्वी प्रश्न उघड न करण्याचे वचन उमेदवाराकडून घेतलेले असते. ते मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. खोलीत बराच वेळ वाद झाला. एक म्हणाला, “सगळेच वापरतात.” दुसरा म्हणाला, “ज्ञान वाटायचं म्हणता, मग हे वाटायला काय हरकत आहे?” प्रश्न बिनतोड वाटला. मीही हातातला मोडीचा कागद खाली ठेवला.

२४/ उत्तर माझ्या मित्राने फळ्यावर दिले. “उद्या रात्री दोन वाजता फोन आला, तर यातलं कोणतं पान उघडशील?” त्याने एका जुन्या लॅपटॉपवर सरावाचा डेटाबेस उभा केला होता. त्यातली एक फाइल त्याने सर्वांसमोर पुसून टाकली आणि म्हणाला, “आणा परत.” दोन तास गेले. बॅकअप होता, पण दुपारनंतरच्या लॉगचा एक तुकडा जपून ठेवायचा राहून गेला होता. सकाळपर्यंतचे सारे परत आले; दुपारचे गेले ते गेलेच. त्या फाइलीतल्या प्रश्नांची उत्तरे ज्याला पाठ होती, त्यालाही ते आणता आले नाही. फाइल त्यानंतर उघडली गेली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी लॉग जपण्याचा विषय वाटून घेतला. ज्याला तो सर्वांत कमी येत होता, त्याने शिकवायचा असे ठरले.

२५/ मला वाटते, उत्तराची प्रत वाटणे आणि समज वाटणे यांतला भेद येथे आहे. मेस्तक उतरवून घेणारा उमेदवारही दुसऱ्या दिवशी दफ्तरात बसून प्रत्यक्ष कागद लिहीत असे, आणि तो चुकला तर शेजारचा त्याला थांबवत असे. आमच्या मोडीच्या वर्गातही असेच चालते. एकाने मोठ्याने वाचायचे. ‘व’ की ‘ब’ यावर अडले की बाकीच्यांनी सुचवायचे. शेवटी अर्थ लागला तरच वाचन खरे. मोडी शिकायला येणारे माझे सहाध्यायी नाना जातींचे, नाना जिल्ह्यांचे आहेत. ज्या लिपीच्या दारापाशी त्यांच्या पणजोबांना थांबवले गेले, ती लिपी ते आज एकमेकांना शिकवीत आहेत. ही क्रांती आवाज न करता झाली आहे.

२६/ म्हणून माझे प्रतिपादन असे. परीक्षेने दार उघडले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण काम येते ते उमेदवारीने, म्हणजे जाणत्याच्या आणि सोबत्याच्या शेजारी बसून. जुन्या दफ्तरात उमेदवारी होती, पण दार बंद होते. आज दार पुष्कळसे उघडे आहे, पण शेजारी बसून शिकवणारी माणसे कमी पडतात. त्यामुळे आकुर्डी-निगडीच्या खोल्यांत सुटीच्या दिवशी चार जण एकत्र बसतात, त्याला मी किरकोळ गोष्ट मानत नाही. मोफत शिकवणारे हे वर्ग नसते, तर प्रमाणपत्र पुन्हा ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडेच गेले असते.

२७/ शेवटी एक विनंती, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून. पेशवे दफ्तराचे रुमाल टिकले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, म्हणून आपण आज त्या कारकुनांविषयी बोलू शकतो. पण १९६० व ७० च्या दशकांतील पिंपरी-भोसरीच्या शिकाऊ उमेदवारांच्या वह्या, त्यांनी हाताने काढलेली यंत्रांची रेखाटने, क्वालिटी सर्कलचे अहवाल हे सारे माळ्यांवर आणि रद्दीत आहे. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

२८/ तुमच्या घरात आजोबांचे, वडिलांचे किंवा आत्याचे आयटीआय अथवा शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र असेल, तर त्याचे छायाचित्र काढून ठेवा. सोबत तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा : कोणत्या गावाहून आलात, पहिल्या दिवशी यंत्रापाशी शेजारी कोण उभे होते, आणि त्याने काय शिकवले. नावागावासह तारीख लिहायला विसरू नका. रोजकीर्दीचा नियम तोच आहे. कोणाकडे जुन्या वह्या असतील, तर येथे प्रतिसादात सांगा. आपण त्या मिळून वाचू.

धागा समाप्त. माझ्या मित्राची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. गेल्या रविवारी त्याच्या गटाला दुपारची नोंदही परत आणता आली.